नियम ‘जी’ ते मोहोरबंद बाटली : अमेरिकेच्या रेल्वे व वाहतूक क्षेत्रातील मादक पदार्थ चाचणीच्या कार्यपद्धतीचा इतिहास

प्रस्तावना

औद्योगिक क्रांतीनंतर यंत्र चालविणाऱ्या एका माणसाच्या हाती शेकडो माणसांचे प्राण आले. रेल्वेचा इंजिनचालक, विमानाचा वैमानिक, जहाजाचा कप्तान यांची क्षणाची चूक केवळ त्यांच्यापुरती राहत नाही. त्यामुळे असा कर्मचारी कामाच्या वेळी शुद्धीवर व सावध असला पाहिजे, ही अपेक्षा समाजाने प्रारंभापासून बाळगली. परंतु तो तसा आहे हे ठरवायचे कोणी आणि कसे, या प्रश्नाचे उत्तर मात्र काळाप्रमाणे बदलत गेले. कधी वरिष्ठाच्या डोळ्यांवर व नाकावर विश्वास ठेवला गेला, तर पुढे तो विश्वास प्रयोगशाळेतील यंत्रावर ठेवण्यात आला.

या स्थित्यंतराचा सर्वांत ठळक इतिहास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील रेल्वेमध्ये आढळतो. सदर विषयाची चर्चा बहुधा ‘सार्वजनिक सुरक्षितता विरुद्ध व्यक्तीचे खाजगीपण’ अशा द्वंद्वाच्या स्वरूपात केली जाते आणि १९८९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापाशी ती संपते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडे वेगळे आहे. चाचणी घेण्याची परवानगी न्यायालयाने दिली. परंतु ती चाचणी कर्मचाऱ्यास काही अंशी न्याय्य वाटावी, ही स्थिती निकालाने नव्हे तर कार्यपद्धतीने निर्माण केली. बाटलीवरील मोहोर, नोंदीचा कागद, दुसरा नमुना आणि मध्यस्थ डॉक्टर या वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींचा इतिहास हाच या विषयाचा गाभा आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) अमेरिकन रेल्वेतील मद्यबंदीच्या जुन्या नियमापासून रासायनिक चाचणीपर्यंतच्या वाटचालीचा आढावा घेणे.
२) १९८५ ते १९९४ या दशकातील अपघात, न्यायनिर्णय व कायदे यांचा परस्परसंबंध तपासणे.
३) चाचणीच्या कार्यपद्धतीतील सुधारणा कशातून घडल्या याचा शोध घेणे.

संशोधन पद्धती

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून न्यायनिर्णय, संघराज्य शासनाचे नियम आणि अपघातांविषयीची प्रसिद्ध माहिती यांचा आधार घेतला आहे.

नियम ‘जी’ : नजरेवर आधारलेली शिस्त

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन रेल्वे कंपन्यांनी आपल्या कामकाजाचे समान नियम तयार केले. त्यांतील नियम ‘जी’ हा रेल्वे कामगारांच्या बोलीत जणू मद्यबंदीचे दुसरे नाव बनला. कामावर असताना मद्यपान करणे, इतकेच नव्हे तर मद्याच्या दुकानी नेहमी जाणे, हेही या नियमाप्रमाणे बडतर्फीस पुरेसे कारण होते. नियम कठोर होता, परंतु त्याची अंमलबजावणी सर्वस्वी माणसाच्या निरीक्षणावर अवलंबून होती. कर्मचाऱ्याच्या तोंडाला वास येतो काय, चाल अडखळते काय, बोलणे तुटक आहे काय, हे वरिष्ठाने पाहावयाचे. मालगाडीवरील कर्मचारी तर तासन् तास वरिष्ठांच्या नजरेआड असत.

शिक्षा एकच, ती म्हणजे नोकरी जाणे. त्यामुळे सहकाऱ्याविरुद्ध तक्रार करणे म्हणजे त्याच्या मुलाबाळांच्या तोंडचा घास काढून घेणे, अशी कामगारांची भावना होती. परिणामी एकमेकांवर पांघरूण घालण्याची प्रथा रूढ झाली. १९७९ च्या एका पाहणीत गाडी चालविण्याशी संबंधित कर्मचाऱ्यांपैकी २३ टक्के कर्मचारी मद्यपानाच्या समस्येने ग्रासलेले असल्याचे आढळले. संघराज्य रेल्वे प्रशासनाने केलेल्या नोंदीनुसार १९७२ ते १९८३ या काळात मद्य अथवा मादक पदार्थ हे संभाव्य किंवा साहाय्यक कारण असलेले किमान २१ मोठे अपघात घडले. त्यांत २५ जण मृत्युमुखी पडले व ६१ जण जखमी झाले. २८ सप्टेंबर १९८२ रोजी लुइझियाना राज्यातील लिव्हिंग्स्टन येथे रसायने वाहून नेणारी मालगाडी रुळांवरून घसरली. सुमारे ३,००० रहिवाशांना घरे सोडावी लागली. या गाडीच्या चालकाने मद्यपान केले होते आणि इंजिन एका अनधिकृत व्यक्तीच्या हाती दिले होते. जवळजवळ शतकभर अस्तित्वात असलेला नियम ‘जी’ हे थांबवू शकला नाही.

१९८० च्या दशकात कामगार संघटनांनी व काही कंपन्यांनी ‘ऑपरेशन रेड ब्लॉक’ नावाचा उपक्रम सुरू केला. सहकाऱ्यानेच सहकाऱ्याला समजावावे, कामावर येण्याच्या स्थितीत नसेल तर घरी पाठवावे आणि उपचारास प्रवृत्त करावे, अशी त्यामागील कल्पना होती. व्यसनाकडे केवळ गुन्हा म्हणून न पाहता आजार म्हणून पाहण्याचा हा प्रयत्न होता. चाचणीच्या गदारोळात त्याचे ऐतिहासिक महत्त्व झाकले गेले, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

सैन्यातून नागरी जीवनात

लघवीच्या नमुन्यावरून मादक पदार्थ शोधण्याचे तंत्र मोठ्या प्रमाणावर प्रथम वापरले गेले ते सैन्यात. १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या कारकिर्दीत व्हिएतनाममधून परतणाऱ्या सैनिकांची चाचणी सुरू झाली. २६ मे १९८१ रोजी ‘निमिट्झ’ या विमानवाहू युद्धनौकेच्या धावपट्टीवर विमान कोसळून १४ जण ठार झाले. मृतांपैकी काहींच्या शरीरात गांज्याचे अंश आढळले आणि नौदलाने कठोर चाचणी मोहीम हाती घेतली. १५ सप्टेंबर १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी आदेश क्रमांक १२५६४ द्वारे संघराज्य शासनाची कार्यालये मादक पदार्थमुक्त करण्याचे धोरण जाहीर केले. सैनिकासाठी तयार झालेली पद्धत अशा रीतीने नागरी कर्मचाऱ्यापर्यंत येऊन पोहोचली.

रेल्वेत तिचा प्रवेश याआधीच झाला होता. संघराज्य रेल्वे प्रशासनाने १९८५ मध्ये नवे नियम प्रसृत केले. मृत्यू घडविणारा मोठा अपघात, घातक रसायनांच्या गळतीमुळे करावे लागलेले स्थलांतर, अथवा रेल्वे मालमत्तेचे ५ लाख डॉलर व त्याहून अधिक नुकसान झाल्यास संबंधित सर्व कर्मचाऱ्यांचे रक्त व लघवी तपासणे बंधनकारक झाले. नकार देणाऱ्यास नऊ महिने कामावरून दूर ठेवण्याची तरतूद होती. विशिष्ट नियमभंग झाल्यास वा वाजवी संशय असल्यास श्वास अथवा लघवीची चाचणी घेण्याचा अधिकारही कंपन्यांना मिळाला. रेल्वे कामगार संघटनांच्या पदाधिकाऱ्यांच्या मंडळाने या नियमांना न्यायालयात आव्हान दिले.

चेस येथील अपघात आणि त्याचे दोन अर्थ

खटला चालू असतानाच ४ जानेवारी १९८७ रोजी मेरीलँड राज्यातील चेस या गावाजवळ भीषण अपघात घडला. वॉशिंग्टनहून बोस्टनकडे ताशी १०० मैलांहून अधिक वेगाने जाणाऱ्या ‘कलोनियल’ या प्रवासी गाडीच्या मार्गात कॉनरेल कंपनीची तीन जोडलेली इंजिने थांबण्याचा सिग्नल ओलांडून आली. १६ जण मृत्युमुखी पडले. मालवाहू इंजिनांवरील चालक व ब्रेकमन या दोघांच्याही चाचणीत गांज्याचे अंश आढळले. ‘गांजामुळे १६ बळी’ हे समीकरण लोकमानसात पक्के झाले आणि सक्तीच्या चाचणीची मागणी अनावर झाली.

परंतु या अपघाताची दुसरीही एक बाजू होती. इंजिनातील धोक्याची सूचना देणाऱ्या शिट्टीवर चिकटपट्टी लावून तिचा आवाज दाबलेला होता. चालकाच्या कक्षातील सिग्नलचा एक दिवाही नव्हता. शिवाय चालकाने सिग्नल पाळला नाही तर गाडी आपोआप थांबविणारी यंत्रणा त्या मालवाहू इंजिनांवर बसविलेली नव्हती. म्हणजेच माणूस चुकला, तशीच त्याची चूक सावरणारी व्यवस्थाही अनुपस्थित होती. १९८८ च्या रेल्वे सुरक्षा सुधारणा कायद्याने सुरक्षा उपकरणांत फेरफार करणे बेकायदा ठरविले व चालकांच्या प्रमाणपत्रांची तरतूद केली. तथापि लोकांच्या स्मरणात चिकटपट्टी राहिली नाही, गांजा राहिला. चाचणीमुळे सत्य उघड होते हे खरे. पण ती सारे लक्ष कर्मचाऱ्याच्या शरीराकडे वळवते आणि यंत्र, देखभाल व व्यवस्थापन यांच्या जबाबदारीचा प्रश्न मागे पडतो, हेही तितकेच खरे आहे.

याच प्रकरणाच्या अनुषंगाने आणखी एक धक्कादायक गोष्ट बाहेर आली. अपघातोत्तर नमुने ओक्लाहोमा सिटी येथील शासकीय वैमानिकी वैद्यकीय संस्थेच्या प्रयोगशाळेत तपासले जात. तेथे रेल्वे अपघातांतील रक्ततपासणीचे काही अहवाल प्रत्यक्ष तपासणी न करताच तयार केले गेल्याचे १९८७ मध्ये उघडकीस आले आणि प्रयोगशाळेच्या प्रमुखाने गुन्हा कबूल केला. ज्या कागदाच्या आधारे माणसाची नोकरी जाणार, प्रसंगी तो तुरुंगात जाणार, तो कागदच खोटा असू शकतो, हे यातून दिसले. कर्मचाऱ्यावर अविश्वास दाखवणाऱ्या व्यवस्थेला स्वतःवरही अविश्वास दाखवणे भाग पडले. कार्यपद्धतीच्या इतिहासातील हा निर्णायक टप्पा होय.

१९८९ चे दोन निकाल

अमेरिकन राज्यघटनेची चौथी दुरुस्ती नागरिकास अवाजवी झडती व जप्तीपासून संरक्षण देते. रेल्वे नियमांविरुद्धच्या खटल्यात अपील न्यायालयाने, विशिष्ट कर्मचाऱ्याविषयी संशय असल्याशिवाय त्याची चाचणी घेता येणार नाही, असा निर्णय दिला होता. २१ मार्च १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो फिरविला. न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांच्या निकालपत्राने दोन गोष्टी एकाच वेळी केल्या. रक्त व लघवी घेणे ही घटनेच्या अर्थाने झडतीच आहे, हे त्यांनी मान्य केले. मात्र रेल्वेची सुरक्षितता ही नेहमीच्या गुन्हे-अन्वेषणापलीकडील ‘विशेष गरज’ असल्याने वॉरंट अथवा वैयक्तिक संशय आवश्यक नाही, असे ठरविले. शरीरातील पुरावा वेळ जाईल तसा नष्ट होतो, रेल्वे हा मुळातच कडक नियमनाखालील व्यवसाय आहे आणि असा कर्मचारी बिघाडाचे कोणतेही लक्षण दिसण्यापूर्वीच मोठी प्राणहानी घडवू शकतो, ही त्यामागील कारणे होती.

न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांच्यासह तीव्र विरोधी मत नोंदविले. संकटाच्या काळात मूलभूत हक्क हे न परवडणारी चैन वाटू लागतात व तेव्हाच स्वातंत्र्यावर मोठे आघात होतात, असा इतिहासाचा दाखला त्यांनी दिला. त्यासाठी दुसऱ्या महायुद्धातील स्थलांतर छावण्यांच्या खटल्यांचे त्यांनी स्मरण करून दिले. निकालाशी बहुतांशी सहमत असलेले न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनीही एक मार्मिक शंका उपस्थित केली. अपघातात स्वतः जायबंदी होण्याची भीती ज्याला रोखत नाही, त्याला अपघातानंतरच्या चाचणीची भीती कशी रोखणार?

त्याच दिवशी सीमाशुल्क विभागातील कर्मचाऱ्यांच्या चाचणीविषयीचा दुसरा निकालही जाहीर झाला. शस्त्र बाळगणाऱ्या व तस्करीविरोधी कामावर नेमल्या जाणाऱ्यांची चाचणी न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने वैध ठरविली. रेल्वे प्रकरणात बहुमताबरोबर असलेले न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया येथे विरोधात गेले. रेल्वेत व्यसन व अपघात यांचा पुरावा होता, येथे तसा काहीच नाही, हे त्यांचे म्हणणे होते. पुरावा नसताना केवळ प्रतीक म्हणून चाचणी घेणे कितपत योग्य, हा प्रश्न त्यामुळे इतिहासात नोंदला गेला.

मोहोर, कागद आणि डॉक्टर

न्यायालयीन लढाई संघटना हरल्या. परंतु चाचणी कशी घ्यावी याचा तपशील याच सुमारास आकार घेत होता. आरोग्य विभागाने एप्रिल १९८८ मध्ये संघराज्य कर्मचाऱ्यांच्या चाचणीसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर करून प्रयोगशाळांना प्रमाणपत्र बंधनकारक केले. त्याच वर्षी परिवहन विभागाने विमान, रेल्वे, मालमोटार, जहाज व वाहिन्या अशा क्षेत्रांसाठी नियम आणले आणि चिठ्ठी टाकल्याप्रमाणे कोणाचीही, केव्हाही होणारी यादृच्छिक चाचणी सुरू केली. गांजा, कोकेन, अफूजन्य पदार्थ, अँफेटामाइन व फेनसायक्लिडीन हे पाच वर्ग निश्चित झाले. २८ ऑगस्ट १९९१ रोजी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत मद्यधुंद चालकाच्या गाडीला अपघात होऊन पाच जण ठार झाले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २८ ऑक्टोबर १९९१ रोजी, वाहतूक कर्मचारी चाचणीचा व्यापक कायदा संमत होऊन मद्याचा व शहरी वाहतुकीचाही त्यात समावेश झाला. १९९४ च्या नियमांनी श्वासातील मद्याची ०.०४ ही मर्यादा उल्लंघन मानली, ०.०२ ते ०.०३९ असल्यास कर्मचाऱ्यास तात्पुरते कामापासून दूर ठेवावे असे ठरले.

या काळात घडत गेलेली कार्यपद्धती ऐतिहासिक साधन म्हणून वाचण्याजोगी आहे. कर्मचारी ओळखपत्र दाखवतो, कोट वगैरे बाहेर ठेवतो, हात धुतो. शौचकूपातील पाण्यात निळा रंग टाकलेला असतो, जेणेकरून नमुन्यात पाणी मिसळले जाऊ नये. नमुना मात्र सामान्यतः आडोशातच दिला जातो. किमान ४५ मिलिलिटर नमुन्याचे तापमान चार मिनिटांच्या आत पाहिले जाते. तो कर्मचाऱ्याच्या डोळ्यांदेखत दोन बाटल्यांत ओतून मोहोरबंद करतात व मोहोरेवर कर्मचारी स्वतःची आद्याक्षरे लिहितो. प्रयोगशाळेकडे जाणाऱ्या प्रतीवर त्याचे नाव नसते, केवळ क्रमांक असतो. बाटली कोणाकडून कोणाकडे गेली याची अखंड नोंद ठेवली जाते. आपल्याकडील न्यायालयांत मुद्देमालाच्या पंचनाम्यास जे स्थान आहे, तेच येथे या कागदास आहे.

प्राथमिक चाचणीत दोष आढळल्यास वेगळ्या रासायनिक तत्त्वावर आधारलेल्या यंत्राने ती पडताळली जाते. त्यानंतरही निष्कर्ष थेट मालकाकडे जात नाही. तो वैद्यकीय पुनरीक्षण अधिकारी या स्वतंत्र डॉक्टरकडे जातो. हा डॉक्टर कर्मचाऱ्याशी बोलतो आणि वैध औषधोपचार हे कारण आढळल्यास मालकास निष्कर्ष नकारार्थी कळवतो. कर्मचाऱ्यास ७२ तासांच्या आत दुसरी बाटली वेगळ्या प्रयोगशाळेत तपासण्याची मागणी करता येते. डिसेंबर २००० मध्ये या नियमांची फेररचना होऊन २००१ पासून ती अमलात आली. डॉक्टरांची पडताळणी पूर्ण होण्यापूर्वी, विशेष परवानगी नसताना, मालकाने कर्मचाऱ्यास कामावरून दूर करू नये, हेही तीत स्पष्ट करण्यात आले.

मर्यादांचे आकडेही अनुभवातून बदलले. याचे उत्तम उदाहरण म्हणजे खसखस. खसखस लावलेला पाव खाल्ल्यानेही लघवीत मॉर्फीनचे अंश येतात. अफूजन्य पदार्थांची प्राथमिक मर्यादा ३०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असताना निरपराध माणूस सापडण्याचा धोका होता. म्हणून १९९८ मध्ये ती २,००० पर्यंत वाढविण्यात आली. शून्य सहनशीलतेची भाषा बोलणाऱ्या शासनाला न्याहारीतील खसखशीपुढे माघार घ्यावी लागली, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

तथापि मूळ त्रुटी शिल्लक राहिली. लघवीतील अंश हे पदार्थ पूर्वी घेतल्याचे दाखवतात. कामाच्या क्षणी कर्मचारी अंमलाखाली होता किंवा नव्हता हे दाखवत नाहीत. नियमित सेवन करणाऱ्याच्या शरीरात गांज्याचे अंश अनेक दिवस राहतात. शनिवारी घरी केलेल्या कृतीची शिक्षा सोमवारच्या कामावर होऊ शकते. अनेक राज्यांनी गांजा कायदेशीर केल्यानंतरही परिवहन विभागाने ही बंदी कायम ठेवल्याने हा प्रश्न अधिक टोकदार झाला. मे २०२३ मध्ये विभागाने लाळेच्या चाचणीस नियमांत स्थान दिले. अलीकडचे सेवन ओळखण्यास ती अधिक उपयुक्त असून नमुना दुसऱ्याच्या देखत देताना संकोचही कमी होतो.

भारतातील संदर्भ

भारतात रेल्वेचे लोको पायलट कामावर रुजू होताना आणि वैमानिक उड्डाणापूर्वी श्वासचाचणी देतात. ही परंपरा प्रामुख्याने मद्याशी निगडित आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ३१ जानेवारी २०२२ पासून वैमानिक व हवाई वाहतूक नियंत्रक यांच्यासाठी मादक पदार्थांची यादृच्छिक चाचणीही लागू केली. म्हणजेच अमेरिकेत १९८० च्या दशकात उपस्थित झालेले प्रश्न आपल्यापुढे आता येत आहेत. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपण हा मूलभूत हक्क मानला असल्याने त्यांची चर्चा येथेही अपरिहार्य ठरते.

निष्कर्ष

१) नियम ‘जी’चे अपयश हे नियम सौम्य असल्यामुळे नव्हे, तर शिक्षा इतकी टोकाची असल्यामुळे होते की सहकारी ती घडू देत नसत. केवळ शिक्षेवर आधारलेली शिस्त मौनाला जन्म देते.
२) चाचणीचा विस्तार अपघातांच्या लोकक्षोभातून झाला. त्यामुळे मानवी दोषावर भर पडला आणि यांत्रिक व व्यवस्थापकीय दोषांना लोकस्मृतीत दुय्यम स्थान मिळाले.
३) १९८९ च्या निकालाने राज्यसंस्थेस अधिकार दिला. प्रयोगशाळेतील गैरप्रकार व खसखशीसारखे अनुभव यांनी त्या अधिकारास मर्यादा घातल्या.
४) दुसरी बाटली, अखंड नोंद व स्वतंत्र डॉक्टर या तरतुदी म्हणजे घटनात्मक पातळीवर गमावलेल्या संरक्षणाची प्रशासकीय पातळीवर झालेली अंशतः भरपाई होय.

इतिहासाचे अध्यापन करताना आपण कायदे व निकाल यांच्या सनावळ्या शिकवतो; शासकीय अर्ज, नोंदवह्या व नियमपुस्तिका मात्र रूक्ष म्हणून बाजूला ठेवतो. वास्तविक सामान्य कर्मचाऱ्याची व राज्यसंस्थेची भेट तेथेच होते. गाडीतील प्रवाशाला सुखरूप घरी पोहोचण्याचा हक्क आहे आणि गाडी चालविणाऱ्याला खोट्या कागदामुळे नोकरी न गमावण्याचा. या दोन्ही हक्कांचा समतोल न्यायालयाच्या एका निकालाने साधला नाही. तो प्रत्येक नमुन्याच्या वेळी, प्रत्येक मोहोरेगणिक नव्याने साधावा लागतो.